नगरपरिषदेची रबरी बोट: काय घ्यावं, कसं ठेवावं, कुठे दगा देते

महाड, खेड, चिपळूण, राजापूर या नदीकाठच्या गावांत पूर पहिल्यांदा बाजारपेठेत शिरतो. त्यामुळे हवा भरायची रबरी बोट आणि तिच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं आऊटबोर्ड इंजिन ही नगरपरिषदेच्या आपत्ती विभागाची सगळ्यांत मोठी खरेदी ठरते. हे परीक्षण त्या संचाचं आहे: साडेचार मीटरच्या आसपासची बोट, २५ ते ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, पायपंप, वल्ही, जॅकेटं, दोर. कुठल्याही एका कंपनीबद्दल इथे बोलायचं नाही. मत आधीच सांगतो: संच घ्यावा, नक्की घ्यावा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात रस्ते बंद पडले, वीज गेली, मोबाईलची रेंज गेली. अशा वेळी पहिल्या काही तासांत गावात जे आधीपासून असतं तेच कामाला येतं. मात्र निविदेत सहसा जे लिहिलं जातं त्यावर विसंबून घेतलेली बोट पहिल्या मोठ्या पुरात हमखास अडते.

आधी कापड. निविदेत नुसतं ‘रबराइज्ड फॅब्रिक’ लिहिलं की सगळ्यांत कमी दरात पीव्हीसी येते. पीव्हीसी वाईट नसते, पण कोकणच्या उन्हात आणि पेट्रोलच्या संपर्कात हायपॅलॉन, म्हणजे कृत्रिम रबराचं कापड, जास्त टिकते. बोट वर्षातले आठ-नऊ महिने पत्र्याच्या शेडमध्ये तापत पडणार असेल तर जास्तीचे पैसे हायपॅलॉनवरच घालावेत. ट्यूबमध्ये निदान चार वेगळे कप्पे हवेत, म्हणजे एक फाटला तरी बोट तरंगते. दाब कंपनीच्या पाटीवर असतो. बहुतेक बोटींत मुख्य ट्यूबला साधारण ०.२५ बार आणि हवेचा तळ असेल तर त्याला ०.८ बार. दाब मोजायचा गेज संचात नसेल तर वेगळा घ्यावा, बोटांनी दाबून अंदाज काढू नये. भर दुपारी कडक भरलेली ट्यूब पुराच्या गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते, बोट मधोमध वाकते आणि चालवणाऱ्याला वाटतं पंक्चर झालं. म्हणून बोट पाण्यात टाकल्यावर दहा मिनिटांनी दाब पुन्हा बघायचा आणि पायपंप बोटीतच ठेवायचा.

ठिगळं लावायची ती मे महिन्यातच. दोन भागांचा गोंद कोरड्या हवेत धरतो. जुलैत कोकणातली हवा इतकी दमट असते की लावलेलं ठिगळ दुसऱ्या दिवशी कडेने उचलतं. पुराच्या दिवसासाठी भोक दोन पत्र्यांमध्ये दाबून धरणारा क्लॅम्प मिळतो. तसे दोन-तीन संचात मागून घ्यावेत.

आता इंजिन. खरी परीक्षा इथेच आहे.

पहिली चूक मापाची. बोटीच्या मागच्या फळीची उंची १५ इंच असते तेव्हा छोट्या शाफ्टचं, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पंख्यापर्यंतच्या आखूड दांड्याचं, इंजिन लागतं, २० इंच असेल तर लांब शाफ्टचं. बोट एका निविदेतून आणि इंजिन दुसरीतून आलं की लांब शाफ्ट छोट्या फळीवर बसतो, पंखा पाच इंच खाली जातो आणि बुडालेल्या कठड्यांवर आपटतो. दोन्ही एकत्रच मागवावं आणि डिलिव्हरी घेताना फळीवर बसवून, पाण्यात उतरवूनच सही करावी.

टू-स्ट्रोक इंजिन वजनाला हलकं, दोन माणसं उचलून नेऊ शकतात, आणि खाडीकाठचा कुठलाही मिस्त्री ते उघडू शकतो. त्याला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं: नेहमीसाठी लिटरला २० मिली, म्हणजे ५०:१. नव्या इंजिनाला पहिले दहा तास बऱ्याच कंपन्या दुप्पट ऑइल सांगतात, तेव्हा पुस्तिका बघावी. पेट्रोल मिसळून ठेवण्याची सवय मात्र सोडून द्यावी. इथेनॉल घातलेलं पेट्रोल दमट हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी जास्त झालं की वेगळा थर तळाला बसतो. इंजिन नेमकं तोच थर ओढतं आणि भर प्रवाहात बंद पडतं. त्यापेक्षा साधं पेट्रोल झाकणबंद ठेवावं आणि शेजारी ५०० मिली ऑइलच्या मोजलेल्या बाटल्या ठेवाव्यात. एक बाटली म्हणजे २५ लिटरची एक टाकी. दर पंधरा दिवसांनी ते पेट्रोल नगरपरिषदेच्या गाडीत घालावं आणि नवं भरावं. ऑइल न मिसळल्यामुळे हे जमतं, नाहीतर जुनं मिश्रण कुणालाच चालत नाही. तीस हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर तासाला बारा ते पंधरा लिटर लागतात. म्हणजे एक टाकी जेमतेम दोन तास. पुरात पेट्रोल पंपही बुडतात, तेव्हा उंचावरच्या पंपवाल्याशी जूनपूर्वी लेखी ठरवून ठेवावं.

सुरू करण्याचा क्रम इंजिनाच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवण्यासारखा आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा. नळी जोडा. नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा. सुरक्षेची लाल दोरी मनगटाला बांधून क्लिप बसवा. गिअर न्यूट्रल, चोक बाहेर, मग दोरी ओढा. इंजिन चालू होतं, पाच मिनिटांत गुदमरून बंद पडतं आणि फुगा चपटा दिसतो, तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा कारण एकच: हवेचा स्क्रू बंद राहिलेला. सुरू होताच मागे बघा. इंजिनाच्या बाजूने करंगळीएवढी पाण्याची धार सतत पडली पाहिजे. धार तुटक आली किंवा आलीच नाही तर ताबडतोब बंद करा, कारण थंड करणारं पाणी वर चढत नाहीये. आधी बारीक तारेने ते भोक मोकळं करा, मग खालच्या जाळीतला गाळ काढा. तरीही धार येत नसेल तर आतला रबरी पंखा, इंपेलर, गेला. तो दरवर्षी बदलणं हा स्वस्तातला विमा आहे. पावसाळ्यापूर्वीची चाचणी कोरड्यात, नुसती ‘आवाज ऐकायला’ घेतली की हाच इंपेलर काही सेकंदांत जळतो. चाचणी नेहमी दोनशे लिटरच्या पिंपात घ्यावी. खाऱ्या किंवा मचूळ पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवावं आणि शेवटी नळी काढून कार्बोरेटर रिकामा होऊ द्यावा.

बाजारपेठेच्या पुरात इंजिनाचा शत्रू म्हणजे प्लास्टिकची पिशवी, साडी, केबलची वायर, कंपाउंडची तार. त्यामुळे पंख्याला जाळीची कड बसवून घ्यावी आणि जादा पंखा, दोन जोड्या स्पार्क प्लग, पाना, इंधनाची नळी व ओढायची दोरी हे बोटीतल्या डब्यात कायम ठेवावं. चिंचोळ्या गल्लीत इंजिन वर उचलून वल्ह्यांनी आणि दोराने जाणं जास्त सुरक्षित असतं. दोर पाण्यावर तरंगणारा, ८ ते १० मिलीमीटरचा. नायलॉनचा बुडतो आणि पंख्यात जातो. बोट आत शिरण्याआधी त्या भागाचा फीडर, म्हणजे वीजवाहिनी, बंद असल्याची महावितरणच्या उपकेंद्राकडून खात्री करून घ्यावी. पाणी चढलं की तारा बोटीत उभ्या माणसाच्या डोक्याला येतात.

पाटीवर ‘१२ माणसं’ लिहिलेलं असतं ते शांत पाण्यासाठी. प्रवाहात दोन चालक आणि सहा-सात माणसं, त्याहून जास्त नाही. वीस जॅकेटं घ्यावीत, त्यांतली पाच-सहा लहान मुलांच्या मापाची आणि मांड्यांतून जाणाऱ्या पट्ट्याची. तो पट्टा नसेल तर मूल खाली सरकतं आणि जॅकेट तेवढं वर राहतं. मुलांची जॅकेटं मागणीपत्रात सर्रास विसरतात याचं वाईट वाटतं.

बोट ठेवायची कुठे, हा प्रश्न खरेदीच्या आधी सोडवावा. नगरपरिषदेचं गोदाम, अग्निशमन केंद्र पूररेषेत असेल तर बोट सगळ्यांत आधी अडकते. चिपळूणची वाशिष्ठी आणि खेडची जगबुडी या नद्यांची इशारा पातळी ५ मीटर, धोक्याची ७. इशारा पातळीलाच बोट हवा भरून, इंजिन चढवून पुराच्या उंच काठावर आलेली असावी. वाशिष्ठीत कोयनेची वीज तयार झाल्यावर सोडलेलं पाणी कोळकेवाडी धरणातून येतं आणि खालून दाभोळ खाडीची भरती चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. तेव्हा नियंत्रण कक्षात पातळी, विसर्ग आणि भरतीची वेळ या तिन्ही आकड्यांचा एकच फलक हवा, आणि बोटीच्या चालकाला तो वाचता यायला हवा. शक्य असेल तर एका मोठ्या बोटीऐवजी दोन लहान घ्याव्यात, नदीच्या दोन्ही काठांवर एकेक. पूल बंद झाल्यावर पलीकडच्या काठाला दुसरी बोट नेता येत नाही.

चालक हा शेवटचा मुद्दा, आणि इथे कोकण नशीबवान आहे. खाडीकाठच्या गावांत आऊटबोर्ड रोज हाताळणारी माणसं आहेत. त्यांच्यातल्या चार-पाच जणांशी जून ते सप्टेंबर मानधन आणि विम्यासह करार करावा. दर महिन्याला एकदा, ओहोटीला आणि भरतीला, अग्निशमनच्या मुलांना घेऊन बोट पाण्यात उतरवावी. शेडमधून काढल्यापासून इंजिनाची धार दिसेपर्यंत किती मिनिटं लागली ते प्रत्येक वेळी वहीत लिहावं. वीस मिनिटांच्या वर गेलं तर कुठे अडलं ते त्याच दिवशी शोधावं. बहुतेकदा शेडच्या कुलपाची किल्ली सापडत नाही.