फ्युएल सेल ते धातूचा मुलामा: गणित झेडने सोडवायचं, इक्विव्हॅलंटने की मोलने?

बारावी सायन्सला इलेक्ट्रोकेमिस्ट्री सुरू झाली की मुलांपुढे तीन वाटा येतात. क्लासमध्ये 'झेड-आय-टी' (झेड म्हणजे एका कूलोमला जमणारे ग्रॅम, आय प्रवाह, टी वेळ) पाठ करून घेतात, जुन्या गाइडमध्ये इक्विव्हॅलंट वेट (एका मोल इलेक्ट्रॉनांमागे जमणारे ग्रॅम) असतं आणि बोर्डाच्या पुस्तकात मोल रेशो. तिन्हींनी उत्तर एकच येतं, पण परीक्षेत वेळ कुठे जातो आणि चूक कुठे होते, ते तिन्हींत वेगवेगळं आहे. एकच गणित घेऊन बघू.

हायड्रोजन-ऑक्सिजन फ्युएल सेलमध्ये एसटीपीला (प्रमाण तापमान-दाबाला) मोजलेला ५.६ लिटर हायड्रोजन २० मिनिटांत वापरला गेला. ती सगळी वीज कॉपर सल्फेटच्या द्रावणातून सोडली, तर तांबं किती जमेल?

झेडने जायचं तर आधी प्रवाह हवा. एक मोल वायू २२.४ लिटर, म्हणून ५.६ लिटर म्हणजे ०.२५ मोल हायड्रोजन. प्रत्येक रेणूमागे २ इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून ०.५ मोल इलेक्ट्रॉन; गुणिले ९६,५०० (एका मोल इलेक्ट्रॉनांचा भार, कूलोममध्ये) म्हणजे ४८,२५० कूलोम. भागिले १,२०० सेकंद, की ४०.२ अँपिअर. आता तांब्याचा झेड, ६३.५ भागिले १,९३,००० म्हणजे सुमारे ०.०००३२९ ग्रॅम प्रति कूलोम, आणि मग तिन्हींचा गुणाकार. ९६,५०० ने आधी गुणलं आणि नंतर त्यानेच भागलं, वेळेचंही तसंच. सीईटीला कॅल्क्युलेटर नसतो आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या १०० प्रश्नांना मिळून ९० मिनिटं असतात. तिथे ही आकडेमोड परवडत नाही.

मोलने तेच बघा: ०.२५ मोल हायड्रोजन, ०.५ मोल इलेक्ट्रॉन. तांब्याच्या एका आयनाला २ इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ०.२५ मोल तांबं, १५.९ ग्रॅम. संपलं. २० मिनिटांना हातही लावावा लागला नाही, कारण प्रवाह विचारलेलाच नव्हता.

इक्विव्हॅलंटने तर त्याहून झटपट. एसटीपीला हायड्रोजनचा एक इक्विव्हॅलंट म्हणजे ११.२ लिटर, म्हणून इथे ०.५ इक्विव्हॅलंट. तांब्याचं इक्विव्हॅलंट वेट ३१.७५, त्याच्या निम्मे १५.९. तांब्याऐवजी चांदी असेल तर १०८ च्या निम्मे, ५४ ग्रॅम. फॅरडेने आपले नियम १८३० च्या दशकात मांडले आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. इलेक्ट्रॉन मोजल्याशिवाय ही पद्धत चालते ती त्यामुळेच, आणि मला ती खरोखर सुंदर वाटते.

पण भरवसा ठेवावा ती मोलवर, कारण इक्विव्हॅलंट वेट हा धातूचा कायमचा आकडा नाही. क्रोमियमचं घ्या. तीन धन आयनापासून मुलामा दिला तर इक्विव्हॅलंट वेट १७.३३, आणि क्रोमिक ॲसिडच्या बाथमधून दिला तर ६ इलेक्ट्रॉन लागतात म्हणून ८.६७. आपल्या ०.५ मोल इलेक्ट्रॉनांत पहिल्यात ८.६७ ग्रॅम क्रोमियम जमेल, दुसऱ्यात ४.३३. (प्रत्यक्ष कारखान्यात क्रोमिक ॲसिडच्या बाथमध्ये याहून कितीतरी कमी जमतं, कारण बहुतेक वीज हायड्रोजन वायू सोडण्यात जाते. 'करंट एफिशियन्सी'ची गणितं येतात ती यामुळेच.) पाठ केलेला आकडा इथे फसवतो. मोलच्या पद्धतीत अर्धी अभिक्रिया लिहावीच लागते, त्यामुळे ६ की ३ हे लिहितानाच कळतं.

दुसरं कारण गिब्ज ऊर्जेचं, म्हणजे सेलकडून जास्तीत जास्त किती विद्युत काम मिळेल त्याचं. फ्युएल सेलचा प्रमाण विभव १.२३ व्होल्ट. एका मोल हायड्रोजनसाठी समीकरण लिहिलं तर २ इलेक्ट्रॉन आणि ऊर्जा उणे २३७ किलोज्यूल; एका मोल ऑक्सिजनसाठी लिहिलं तर ४ इलेक्ट्रॉन आणि उणे ४७४. व्होल्ट दोन्हीकडे १.२३च. इलेक्ट्रॉन मोजायची सवय असलेला इथे अडखळत नाही. निव्वळ झेड पाठ केलेल्याला हा प्रश्न परका वाटतो.

म्हणून बोर्डाच्या पेपरात मोलनेच लिहा, पायऱ्यांना गुण असतात. सीईटीला एकाच प्रवाहात दोन-तीन बाथ ओळीने जोडलेले असतील आणि आयनांचे भार स्पष्ट दिले असतील, तर इक्विव्हॅलंट बिनधास्त वापरा. झेड फक्त तेव्हा, जेव्हा प्रश्नातच झेड दिलाय किंवा तोच विचारलाय. एसटीपीचा दाब १ बार दिला असेल तर २२.४ ऐवजी २२.७ लिटर घ्यायचे, हे तिन्ही पद्धतींना लागू.

जेईईच्या तयारीतल्यांनी एक गणित मात्र करून बघावंच. तोच ५.६ लिटर हायड्रोजन एका सेलऐवजी ओळीने जोडलेल्या ४ सेलच्या स्टॅकमध्ये समान वाटला गेला, तर चांदी किती? घाईत ५४ ग्रॅम लिहिलं जातं. पण प्रत्येक सेलच्या वाट्याला ०.०६२५ मोल हायड्रोजन येतो आणि चारही सेलमधून तोच प्रवाह जातो, म्हणून बाहेरच्या वायरमधून फक्त ०.१२५ मोल इलेक्ट्रॉन वाहतात. चांदी १३.५ ग्रॅम, व्होल्ट मात्र चौपट.