बोटं बुडवली आणि साडेअठरा हजार गेले

गेल्या पावसाळ्यात आमच्या नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास यायला लागला. त्याच आठवड्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा दारात आला. "काकू, पाण्याची मोफत तपासणी." मी त्याला चहासुद्धा पाजला!

नळाच्या पाण्यात त्याने दोन थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. दुसऱ्या ग्लासात मला मिनिटभर बोटं बुडवायला लावली आणि मग थेंब टाकले. रंगच आला नाही. "बघा, क्लोरीन तुमच्या कातडीने ओढून घेतलं. याचंच क्लोरोफॉर्म होतं, मग मूत्राशयाचा कॅन्सर." थोरल्या दिरांना तोच आजार झालेला, त्यामुळे माझे पाय लटपटले. वर त्याने विजेच्या दोन सळया बुडवल्या. आमचं पाणी गटारासारखं झालं, त्याच्या बाटलीतलं आरओचं पाणी मात्र नितळच राहिलं. मी तिथल्या तिथे त्याच्या आरओ मशीनसाठी १८,५०० रुपये गूगल पे केले.

माझी भाची पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. तिने कपाळावर हात मारला. "मावशी, थेंबांनी नुसतं क्लोरीन कळतं. नळाला ते लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवंच, नाहीतर जुलाब आणि कावीळ. तुझ्या बोटांवरच्या तेला-मळाशीच ते खर्ची पडलं." मग तिने माझ्या नव्या मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, दोन लोखंडी खिळे बुडवून बॅटरी जोडली. थोड्याच वेळात तस्साच गाळ! क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं, एवढीच त्यातली जादू.

चीड याची येते की भीती अगदीच खोटी नव्हती. पाण्यातल्या कुजक्या पाल्या-मातीच्या अंशांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन्स बनतात. वर्षानुवर्षं ती जास्त प्रमाणात पोटात गेली तर मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध अभ्यासांत दिसलाय. भारतीय मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. पण ते मोजायला प्रयोगशाळेतलं गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र लागतं, ते थेंबांत दिसत नाही की विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवरही. ते धरून ठेवतो मुख्यतः कार्बन फिल्टर, तोही वेळेवर बदलला तर. उघड्या पातेल्यात पाणी चांगलं उकळलं तरी बरंचसं उडून जातं.

पावतीवर पत्ता नाही, नंबर लागत नाही. जाऊबाईंना तो नंबर मीच दिला होता. त्यांनी दोन मशीन घेतली, एक स्वतःला, एक लेकीला.