ऑलसाइड्स: बातमीचे तीन सारखे रकाने कुठे उपयोगी पडतात, कुठे फसवतात

एकच घडामोड डावीकडच्या, मधल्या आणि उजवीकडच्या माध्यमांनी कशी दिली, हे शेजारी-शेजारी दाखवणारी ऑलसाइड्स ही अमेरिकी वेबसाइट 2012 पासून चालू आहे. विरोधी मतांना सारखी जागा द्यावी, हा आग्रह इथे थेट पानाच्या मांडणीत उतरला आहे.

वाचायला पैसे पडत नाहीत. मोठ्या बातमीचा 'हेडलाइन राउंडअप' येतो: वर संपादकांचा छोटा सारांश, खाली तीन रकाने. माध्यमाचा कल उणे 6 ते अधिक 6 या पट्टीवर मोजतात. शून्याच्या अल्याड-पल्याड 1 पर्यंत असेल तर 'सेंटर'. त्यासाठी वेगवेगळ्या राजकीय विचारांचे संपादक एकत्र बसून मजकूर तपासतात. शिवाय वाचकांना माध्यमाचं नाव झाकून बातम्या वाचायला देतात आणि कौल घेतात. हे नाव झाकणं आम्हाला फार मोलाचं वाटतं, कारण वर्तमानपत्राचं नाव दिसलं की निम्मं मत तिथेच ठरतं. मोठ्या वृत्तपत्रांच्या बातम्या आणि मतपानं यांना वेगळी मापं आहेत, हेही योग्यच. मापाची खात्री कमी, मध्यम की जास्त, हे माध्यमाच्या पानावर दिलेलं असतं. ते आधी पाहा.

मुख्य अडचण अशी की हे माप कलाचं आहे, खरेपणाचं नाही. साइट तसं स्पष्ट लिहिते. पण एकसारख्या रुंदीचे तीन रकाने पाहणाऱ्याला तिन्ही म्हणण्यांमागचा पुरावाही तेवढाच वाटतो. करांचा दर किती असावा किंवा स्थलांतर किती होऊ द्यावं, अशा प्रश्नांत ही मांडणी उत्तम चालते. लस सुरक्षित आहे का, या प्रश्नात ती घातक ठरते. 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 12 मुलांवरचा एक लेख आला आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध जोडला गेला. ब्रिटिश माध्यमांनी पुढे कित्येक वर्षं ही दोन तज्ज्ञांमधली बरोबरीची चर्चा असल्यासारखी चालवली. 2003-04 पर्यंत इंग्लंडमधलं ही लस घेतलेल्या मुलांचं प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास घसरलं. लेख मागे घेतला गेला तो 2010 मध्ये, आणि मधल्या काळात गोवर परतला होता. बीबीसीच्या नियमांत निःपक्षपातीपणाला 'ड्यू', म्हणजे विषयाला साजेसा, असं विशेषण आहे ते यासाठीच. ऑलसाइड्सच्या रकान्यांत या विशेषणाला जागा नाही.

वापरायची आमची पद्धत अशी. तिन्ही बातम्यांत सारख्या असलेल्या गोष्टी आधी काढा: तारीख, आकडे, कोण काय बोललं. मग एकाच रकान्यात असलेली माहिती वेगळी करा आणि ती मूळ कागदावर, म्हणजे निकालपत्र, विधेयक किंवा शोधनिबंध यांवर, ताडून पाहा. विशेषणं शेवटी. एका बातमीला वीस-पंचवीस मिनिटं जातात.

ही पट्टी महाराष्ट्रातल्या बातम्यांना मात्र लावू नये. ती अमेरिकेतल्या दोन पक्षांभोवती बेतलेली आहे. 2022 मध्ये शिवसेना आणि 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली, तेव्हा एकाच पक्षाचे लोक समोरासमोर आले. तिथे डावं-उजवं लावून काहीच कळत नाही. आपल्याकडे माध्यमाचा मालक कोण आणि जाहिराती कुणाच्या, हे रकाने आधी लागतील.

अमेरिकी राजकारण नियमित वाचणाऱ्यांसाठी पाचपैकी साडेतीन. आरोग्य आणि हवामानाच्या बातम्यांसाठी दीड.