वर मजला चढवायचा की शेजारी खोल्या काढायच्या?

मुलाचं लग्न ठरलं की सातारा-सांगलीकडच्या चाळीस-पन्नास वर्षं जुन्या घरांत हा प्रश्न निघतोच. मिस्त्री हमखास म्हणतो, "स्लॅब आहेच की, त्याच्यावर चढवू." माझं मत आधीच सांगतो: जागा असेल तर शेजारी. वर जायचंच असेल तर आधी भिंती आणि पाया तपासून.

कारण वजन. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातो. १० बाय १२ च्या एका खोलीवर साडेतीन टन. नऊ इंची विटांची दहा फूट उंच भिंत दर मीटर लांबीला सव्वा टनाच्या वर. हजार लिटरची टाकी भरली की आणखी एक टन. कॉलम-बीमच्या घरात हा भार कॉलममधून पायात उतरतो. लोड बेअरिंग घरात तो भिंतींनाच पेलावा लागतो, आणि त्या दगड-मातीच्या असतील तर विषय तिथेच संपवावा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती जड माळवदांसकट (मातीच्या सपाट छतांसकट) माणसांवर कोसळल्या. कोयनेच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप वेगळा सांगायला नको.

भिंती पक्क्या विटा-सिमेंटच्या असल्या तरी कोपऱ्याला खड्डा घेऊन पाया उघडा करून बघा: किती रुंद, किती खोल, मुरमावर टेकलाय की काळ्या मातीवर. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच बघायचं. त्याची फी एका खोलीच्या फरशीपेक्षा जड वाटते म्हणून लोक टाळतात, हे मला कधीच कळलेलं नाही. भिंतींवर भरवसा नसेल तर जमिनीपासून स्वतंत्र कॉलम उचलून वर मजला नेता येतो. पण मग 'पाया वाचतो' हा वर चढण्यातला मुख्य फायदाच जातो. लोखंडी सांगाडा, एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे) आणि वर पत्रा हा हलका पर्याय, फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे बसवत नाही.

शेजारी वाढवण्याचेही तोटे आहेतच. नवा पाया काढावा लागतो, सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) सोडावं लागतं, अंगण जातं. जुन्या खोलीची खिडकी आता आतल्या भिंतीत येते, म्हणजे तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. मध्ये छोटा चौक सोडला तर हे टळतं. उलट काम चालू असताना घरात राहता येतं आणि म्हाताऱ्या माणसांना जिना चढावा लागत नाही. दोन भावांची चूल वेगळी होणार असेल तर मात्र बाहेरून जिना असलेला वरचा मजला सोयीचा. परवानगी दोन्हींना लागते.

शेजारच्या कामात खरी मेख जोडात असते. जुनं घर जमिनीत दबून बसून झालेलं, नवं अजून बसायचंय. दोन्ही भिंती एकमेकींत गुंतवल्या की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात उभी भेग दिसते. त्यापेक्षा साधारण इंचभर फट मुद्दाम ठेवावी, आत थर्माकोल, तोंडाला सीलंट, वरून पाणी जाऊ नये म्हणून पत्र्याची पट्टी.

बाहेरचं रूप शेवटी, आणि जुन्या-नव्याचं एकदमच. जुनं पोकळ प्लास्टर ठोकून काढा, कॉलम आणि वीट जिथे भेटतात तिथे जाळी मारा, मग दोन हातांचं प्लास्टर, त्यावर प्रायमर आणि बाहेरचा रंग. दगडी क्लॅडिंग दिसतं छान. पण २० मिलिमीटरचा दगड चौरस मीटरला पन्नासेक किलो भरतो आणि जुन्या प्लास्टरवर नुसता चिकटवला तर सुटतो. समोरच्या एका भिंतीपुरतं, पिना मारून ठीक. दगड-मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंट थापू नका, ओल आत कोंडते. तिथे चुन्याचा गिलावा. कोकणात चिऱ्याचं घर असेल तर प्लास्टरचा खर्चच कशाला? चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) भरून घ्या, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील अशी वळचण वाढवा.

दसऱ्यानंतर पायाला हात घातला तर मेच्या आधी छत होतं. रंगाचं काम मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत थांबलं तरी चालेल. एका पावसाळ्यात भेगा आणि ओल जिथे यायची तिथे येऊन जाते.