घटपर्णीचे रोप आणि काचेची बरणी : पुण्याच्या हवेतले सव्वा वर्ष

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका ऑनलाइन रोपवाटिकेकडून मी घटपर्णीचा, म्हणजे घटासारख्या पानांत कीटक पकडणाऱ्या वेलीचा, संच मागवला. त्यात नेपेंथिस व्हेन्ट्राटा या संकराचे वीतभर उंचीचे रोप, झाकणाची काचेची बरणी, ओंजळभर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) आणि एक छापील माहितीपत्रक होते. रोप निवडणाऱ्याला पाचपैकी पाच गुण द्यायला मी तयार आहे, पण माहितीपत्रक लिहिणाऱ्याला एकही देणार नाही, कारण त्याने आर्द्रतेबद्दल जे सांगितले आहे ते पाळूनच माझे रोप मरता मरता वाचले.

रोपाची बांधणी उत्तम होती. मुळांभोवती ओले शेवाळ घट्ट गुंडाळलेले होते, आणि तीन दिवसांच्या प्रवासानंतरही पाचपैकी चार घट ताठ होते. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिले होते की, आर्द्रता कायम ९० टक्के हवी आणि रोप झाकलेल्या बरणीतच ठेवावे. मी ते तंतोतंत पाळले. पूर्वेच्या खिडकीत सकाळचे दोन तास ऊन बरणीवर येत असे, काच आतून सतत घामेजलेली असे, आणि ते पाहून मला उगीचच समाधान वाटत होते. तिसऱ्या आठवड्यात मॉसवर पांढरी बुरशी धरली आणि शेंड्यावरचे कोवळे पान मुळाशी काळे पडले. शेंडा कापून रोप बाहेर काढावे लागले. पुढचे जवळपास दोन महिने ते नुसते खुंटासारखे उभे होते आणि मेच्या अखेरीस बुंध्याजवळ नवा कोंब दिसला.

आर्द्रता हवी, हे खरेच आहे. घटपर्णीचा घट म्हणजे पानाच्या टोकाशी असलेल्या तंतूचे फुगलेले रूप असते, आणि हवा फार कोरडी असली तर त्या तंतूचे टोक फुगण्याआधीच तपकिरी होऊन वाळते. मात्र दमट हवा आणि कोंडलेली हवा यांत फार अंतर आहे. या वेली ज्या डोंगरांवर वाढतात तिथे वारा खेळता असतो आणि रात्री थंडावा येतो. उन्हात ठेवलेल्या बंद बरणीत दोन्हींपैकी काहीच मिळत नाही, तिथे फक्त उकाडा साठतो. आपल्या मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही भारतातली एकमेव नैसर्गिक घटपर्णी, आणि तिच्या गारो, खासी, जैंतिया टेकड्यांवर पाऊस अफाट पडत असला तरी हिवाळा कोरडाच जातो. (ही जात कायद्याने संरक्षित आहे. रानातून उपटलेले रोप कोणी देऊ केले तर ते घेऊ नये, एवढी विनंती करावीशी वाटते.)

सापेक्ष आर्द्रता (हवा जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे) हा आकडा तापमानाला बांधलेला असतो, हे माहितीपत्रकात कुठेच नाही. पहाटे २० अंशांना ८० टक्के असलेली हवा दुपारी ३१ अंशांपर्यंत तापली, तर तीत पाण्याचा कणही कमी झालेला नसताना आकडा ४२च्या आसपास उतरतो. त्यामुळे दिवसभर एकच आकडा धरून ठेवण्याचा हट्ट निरर्थक आहे. दुपारची घसरण थोडी सौम्य करणे आणि रात्र गार राहू देणे, एवढेच आपल्या हातात असते.

पुढे मी एक साधा डिजिटल आर्द्रतामापक घेतला आणि वापरण्याआधी तो मिठाने तपासला. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते जेमतेम ओलसर करावे आणि मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझा मापक ६९ दाखवत होता, म्हणून तेव्हापासून मी प्रत्येक आकड्यात सहा मिळवते. या वर्षीच्या एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता माझ्या पश्चिमेच्या गच्चीत हा दुरुस्त आकडा २२ होता. कुंडीखाली खडे आणि पाण्याचे ताट ठेवल्याने त्यात दोन-तीन टक्क्यांचीच भर पडली. खरा फरक पडला तो वाळ्याच्या ताटीने. आजीच्या घरी उन्हाळ्यात दाराला लावत तशी ताटी कुंडीच्या उन्हाकडच्या बाजूला टांगून दिवसातून तीन वेळा भिजवली, तेव्हा तिच्या आड आकडा ४८पर्यंत गेला आणि हवाही जाणवण्याइतकी गार झाली. मे महिन्यातही घट येत राहिले. लहान आले, पण आले.

रोप बरणीतून एकदम गच्चीत ठेवू नये, हे मात्र लक्षात ठेवावे. दमट हवेत निघालेली पाने कोरड्या वाऱ्यात करपतात, म्हणून झाकण आधी किलकिले, मग अर्धे आणि मग पूर्ण काढत तीन-चार आठवडे लावावेत. जुने घट तरीही वाळतील. नव्या पानाला घट येतो की नाही, ते पाहावे. पाणीही महत्त्वाचे आहे. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात टँकर येतो आणि त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ३८० भरला. मॉसवर पांढरा थर दिसू लागल्यावर मी आरओचे किंवा साठवलेले पावसाचेच पाणी घालते. खत अजिबात घातलेले नाही.

पहिला पावसाळा आला तेव्हा नव्या कोंबाने सारी कसर भरून काढली. जुलैत तंतूच्या टोकाला वालाच्या दाण्याएवढी चपटी, लवदार गाठ दिसली. ती रोज थोडी फुगत गेली, आणि दोन आठवड्यांनी एका सकाळी झाकण सुटले तेव्हा आत आधीच बोटाच्या पेराएवढे पाणी होते. काठ त्या दिवशी फिकट पोपटी होता. पुढच्या चार दिवसांत तो बाहेर वळला आणि तांबूस झाला. कासच्या पठारावरचे दवबिंदू आणि सीतेची आसवे ही रोपेही कीटकभक्षीच, पण ती पावसाबरोबर येऊन पावसाबरोबर संपतात. ही वेल मात्र एप्रिलही काढते आणि डिसेंबरच्या १२ अंशांच्या रात्रीही. फिलिपिन्समधल्या दोन जातींचा हा संकर काटक असल्यामुळेच ते शक्य होते. सखल, उष्ण जंगलातल्या नेपेंथिस ॲम्पुलारियासारख्या जातीचा असा निभाव लागला नसता.

याच विक्रेत्याकडे सारासेनियाही मिळते आणि तिच्यासोबत हेच माहितीपत्रक येते, ही गोष्ट मला गंभीर वाटते. उत्तर अमेरिकेच्या दलदलीतल्या त्या रोपाला भरपूर ऊन, ताटात साचलेले पाणी आणि हिवाळ्यात तीन-चार महिन्यांची थंड विश्रांती लागते. बंद बरणीत ते टिकणार नाही. मी विक्रेत्याला हे सविस्तर लिहून कळवले आणि उत्तरादाखल मला पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन मिळाले, पण माहितीपत्रक आजही तेच आहे.

हा संच मागवायचाच असेल तर मार्चमध्ये नव्हे, जूनच्या अखेरीस मागवावा, म्हणजे रोपाला नव्या जागी रुळायला ओली हवा आयतीच मिळते. बरणी मी धुऊन स्वयंपाकघरात घेतली आहे. तिच्यात सध्या कैरीचे लोणचे आहे.