पातळ लॅपटॉप, आठ महिन्यांनंतर: वजन पटलं, जाडी नाही

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. मी घेतला तेव्हा ७५-८० हजारांच्या गटात अशी चार-पाच यंत्रं होती; झाकणावरची पाटी वेगळी, पोटातला माल जवळपास एकच. १४ इंची ओएलईडी पडदा, इंटेल कोअर अल्ट्रा ५ १२५एच, बोर्डावरच सोल्डर केलेली १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ५७ वॅट-तासांची बॅटरी, जाडी १५.३ मिलिमीटर, वजन १.२५ किलो. वापर रोज आठ-नऊ तास: ब्राउझरमध्ये तीसेक टॅब, जडशा एक्सेल फायली, व्हिडिओ कॉल, अधूनमधून कोड कंपाइल करणं आणि आठवड्यातून एखादा व्हिडिओ एक्स्पोर्ट.

निकाल आधीच सांगून टाकतो. हलकेपणासाठी मोजलेले पैसे वसूल झाले, पातळपणासाठी मोजलेले नाहीत. दुकानात या दोन गोष्टी एकाच दमात विकल्या जातात, पण त्या एक नाहीत. वजन खांद्याला रोज कळतं. जाडी १५ मिमी आहे की १८, हे बॅगेत टाकल्यावर कुणालाच कळत नाही. यंत्राच्या पोटाला मात्र त्या तीन मिलिमीटरांची किंमत दिवसभर मोजावी लागते.

हलकं असायला पातळ असावंच लागतं असंही नाही. एलजीचा २०२० चा ग्रॅम १७ हा १७ इंची पडद्याचा लॅपटॉप १७.८ मिमी जाड आणि वजनाला फक्त १.३५ किलो होता, बॅटरी तब्बल ८० वॅट-तासांची. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं अंग, आत हवा खेळायला जागा. उलट बाजूला ॲपलचा २०१५ चा १२ इंची मॅकबुक: १३.१ मिमी, ०.९२ किलो, पंखा नाही, यूएसबी-सी पोर्ट एकच, आणि जेमतेम अर्धा मिमी दबणारा बटरफ्लाय कीबोर्ड. त्या कीबोर्डात बारीक कण गेला की बटण अडायचं किंवा एका दाबात दोनदा उमटायचं. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९ च्या अखेरीस बटणांखाली जुनी कात्री-पद्धत परत आली. २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये एचडीएमआय, एसडी कार्डाची खाच आणि मॅगसेफ हे सगळं परतलं, आणि १६ इंची यंत्र आधीपेक्षा थोडं जाडही झालं. जाडी कमी करण्याच्या शर्यतीत सगळ्यात पुढे असलेल्यानेच मागे पाऊल घेतलं, एवढं लक्षात ठेवलं तरी जाहिरातीतला मिमीचा आकडा वाचताना डोकं शांत राहतं.

आता गरम होण्याबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे.

१२५एच या चिपचं बेस पॉवर (सतत चालताना धरलेली वीज) २८ वॅट आणि कमाल टर्बो (थोडा वेळ वेग वाढवताना घेतलेली वीज) ११५ वॅट. खोक्यावर छापलेले ४.५ गिगाहर्ट्झ हा टर्बोचा आकडा. चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडमध्ये सगळ्या कोअरवर भार टाकला की एचडब्ल्यूइन्फोमध्ये (चिपची वीज आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) पहिली २५-३० सेकंदं ५५ वॅटच्या आसपास दिसतं, मग ३५, आणि चार-पाच मिनिटांनी आकडा २५-२६ वर बसतो. तीच चिप २० मिमी जाडीच्या, दोन पंख्यांच्या यंत्रात ४५ वॅट सहज टिकवू शकते. फाइल उघडणं, टॅब बदलणं, गणित पुन्हा मांडणं ही कामं पाच-दहा सेकंदांत उरकतात, म्हणून रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. वीस मिनिटांच्या एक्स्पोर्टला मात्र ठळक जाणवतो. दुकानातला डेमो पाच मिनिटांचा असतो, तो नेहमी छानच वाटणार.

असं का होतं? पातळ यंत्रात पंख्याची पाती बुटकी, चिपची उष्णता वाहून नेणारे हीट पाइप चेपून पापडासारखे सपाट केलेले आणि उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची जाळीही तेवढीच बुटकी. पण बऱ्याचदा चिपच्या तापमानाआधीच दुसरी मर्यादा आडवी येते: बाहेरच्या पत्र्याचं तापमान. चिप ९५-१०० अंश सोसते, मांडी सोसत नाही. चिप आणि खालचा पत्रा यांच्यात हवेचा थर जेमतेम असल्यामुळे पत्रा लवकर तापतो, आणि तो ४५-४८ अंशांकडे सरकला की फर्मवेअर (यंत्राच्या आतलं नियंत्रण सॉफ्टवेअर) चिपची वीज कापतं. एचडब्ल्यूइन्फोत चिप ७८ अंशांवर असताना वेग घसरलेला दिसला तर यंत्र बिघडलंय असं समजू नका. ते तुमच्या मांडीची काळजी घेतंय.

आपल्याकडे हा मुद्दा परदेशी परीक्षणांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. त्यांच्या खोलीत २१-२२ अंश असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीतही ३५-३८ असतात. पत्र्याची मर्यादा ४६ धरली, तर तिथे हाताशी २४ अंश आणि इथे ८ ते ११. म्हणजे तेच यंत्र, तीच चिप, आणि टिकणारी वीज निम्म्यावर आली तरी नवल नाही. यूट्यूबवरचा बेंचमार्क बघून विदर्भात लॅपटॉप घेणाऱ्याने ही वजाबाकी स्वतः करावी.

उपाय साधे आहेत. मागची कड दोन-अडीच सेंटिमीटर उचला. बाटलीची दोन बुचंही चालतात. हवा खालून आत जाते आणि रबरी पाय जेमतेम दीड-दोन मिमी उंच असतात, त्यामुळे एवढ्याने पाच-सहा अंशांचा फरक पडतो. गादीवर किंवा उशीवर ठेवला तर वाटच बंद. रोजच्या कामाला परफॉर्मन्स मोड नको, बॅलन्स्ड पुरे. पंख्याची किणकिणही कमी होते (बुटका पंखा जास्त फेऱ्यांनी फिरतो, म्हणून आवाज घरघरीपेक्षा शिट्टीकडे झुकलेला). आणि पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के करायचा जुना नुस्खा इथे करू नका. त्याने टर्बो पूर्ण बंद होतो, आणि या चिपच्या मोठ्या कोअरचा बेस वेग फक्त १.२ गिगाहर्ट्झ आहे. यंत्र थंड राहील, पण एक्सेल उघडताना चहा होईल.

धूळ काढणं सहा महिन्यांनी एकदा. खालच्या झाकणाचे स्क्रू सहसा दोन लांब्यांचे असतात आणि एक-दोन रबरी पट्टीखाली दडवलेले. काढताना कागदावर यंत्राचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा; लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वरच्या पत्र्याला पुळी येते किंवा खालचा बोर्ड दुखावतो. झाकण उघडल्याबरोबर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. हवा मारताना पंखा टूथपिकने धरून ठेवायचा, नाहीतर तो बेफाम फिरून बेअरिंग खराब होतं. चिप आणि हीट पाइप यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलायची वेळ आली तर पातळ पेस्ट टाळा, चिपच्या उघड्या सिलिकॉनवर तापण्या-निवण्यात ती हळूहळू कडेला सरकते. हनीवेलचं पीटीएम ७९५० हे तापल्यावर मऊ होणारं पॅड जास्त टिकतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळू शकतं, नकली मालही फिरतो, म्हणून पावती देणारं दुकान बघा.

बॅटरीचा हिशेब सरळ भागाकाराचा. लिखाण-वाचनाला यंत्र साडेसात वॅटच्या आसपास खातं, म्हणजे ५७ वॅट-तासांत साडेसात तास. व्हिडिओ कॉलला १४-१५ वॅट, म्हणजे चार तास. ओएलईडीवर पांढरं पान जास्त वीज खातं, त्यामुळे दिवसभर एक्सेल उघडं असणाऱ्याने जाहिरातीतला १५ तासांचा आकडा विसरावा. टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा, एकाच जागी कायम उजळलेली पट्टी या पडद्यावर कालांतराने ठसा सोडते.

बॅटरी फुगणं हा जाड यंत्रातही होणारा प्रकार, पण पातळ यंत्रात फुगायला जागाच नसते. बॅटरीचे मऊ पाकिटासारखे पाउच सेल टचपॅडच्या खालीच असतात, म्हणून पहिली खूण तिथे दिसते: क्लिक घट्ट होते, एक कोपरा दबत नाही, टचपॅड किंचित वर आलेलं वाटतं. तेव्हा टचपॅड दाबून बघत बसू नका. चार्जर काढा, यंत्र बंद करा, बॅटरी बदलायला द्या. टाळायचं असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के लावा. सतत पूर्ण भरलेली आणि सतत गरम, या जोडीनेच सेल लवकर म्हातारा होतो.

आठ महिन्यांत सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी गोष्ट मात्र जाडीशी संबंधितच नाही. नव्या चिपच्या बहुतेक लॅपटॉपांत जुना, खराखुरा स्लीप उरलेला नाही. त्याजागी मॉडर्न स्टँडबाय आहे. झाकण लावलं तरी यंत्र मोबाइलसारखं अर्धवट जागं असतं. बॅगेत ठेवल्यावर एखादा अपडेट सुरू झाला की आतल्या आत तापतं आणि काढावं तर बॅटरी ३० टक्क्यांवर. हे पूर्ण बंद करायचं तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, झाकण लावल्यावर काय करायचं, तिथे दोन्ही रकान्यांत (बॅटरीवर आणि चार्जरवर) हायबरनेट निवडा, म्हणजे काम एसएसडीवर साठवून यंत्र पूर्ण बंद होतं. उघडायला आठ-दहा सेकंद जास्त लागतात, पण बॅग गार राहते. हे न बदलता चालवायचं असेल तर निदान चार्जरची पिन आधी काढा आणि झाकण नंतर लावा; उलटा क्रम केला की यंत्र स्वतःला चार्जरवरच समजून जागं राहण्याची शक्यता वाढते.

रॅमबद्दल कंपन्यांना सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही. एलपीडीडीआर५एक्स या वेगवान रॅमचा वेग हवा तर चिप आणि रॅम यांच्यातली तांब्याची वाट अगदी आखूड लागते, जुन्या खाचेत ते जमत नाही. बदलता येणारी आणि तितकीच वेगवान रॅम बनवण्यासाठी कॅम२ हा नमुना मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केला, २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये तो आलाही. पण मी घेतला तेव्हा या किमतीत तो दिसत नव्हता. त्यामुळे खरेदीच्या दिवशीच ठरवायचं. १६ जीबीतला वाटा ग्राफिक्सही खातं. टीम्स, तीस टॅब आणि एक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) एकत्र चालवलं की टास्क मॅनेजरमध्ये कमिटेडचा (प्रोग्रामांनी मागितलेल्या एकूण मेमरीचा) आकडा १६ च्या पुढे जातो आणि एसएसडीवर अदलाबदल सुरू होते. चार-पाच वर्षं वापरायचा बेत असेल तर ३२ जीबीचं मॉडेल घ्या, एसएसडी लहान चालेल. तो निदान बदलता येतो. बदलताना मात्र एकाच बाजूला चिपा असलेला घ्यायचा, दोन्ही बाजूंचा या पोटात मावत नाही.

सोल्डरचा खरा फटका वॉरंटी संपल्यावर बसतो. रॅमची एक चिप गेली तरी अख्खा बोर्ड बदलण्याचा हिशेब हातात पडतो, आणि तो यंत्राच्या निम्म्या किमतीच्या घरात जाऊ शकतो. वाढीव वॉरंटी इतर वेळी फुकटचा खर्च वाटते. इथे तीन वर्षांची घेण्यात शहाणपणा आहे.

कीबोर्ड सव्वा मिमी दबतो. इंग्रजीला काही अडत नाही. इनस्क्रिप्ट मांडणीने मराठी टाइप करणाऱ्याने मात्र दुकानात दोन ओळी लिहून बघाव्यात, कारण अ, आ, इ, उ हे सुटे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर, शिफ्टसह असतात आणि जागा वाचवायला काही यंत्रांत उजवा शिफ्ट आखूड केलेला असतो.

झाकण पातळ, त्यामुळे कोपऱ्यातून उचललं की पीळ बसतो. मधोमध धरून उघडायची सवय लावा. बॅगेत चार्जर झाकणाच्या बाजूला ठेवू नका. दाब पडून पडद्यावर बटणांचे चौकोनी ठसे उमटतात ते याच कारणाने.

आणि वजनाचा प्रामाणिक आकडा हवा तर नुसता लॅपटॉप मोजून चालणार नाही. सोबतचा ६५ वॅटचा चार्जर वायरीसकट ३२० ग्रॅम, लॅनच्या पोर्टसाठी लागणारा हब ९० ग्रॅम. १.२५ चे १.६६ झाले. चार्जर गॅनचा (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने लहान) घेतला तर दोनशे ग्रॅमच्या आत बसतो, आणि लोकलच्या गर्दीत बॅग पुढे लटकवून उभं राहणाऱ्याला हा फरक चिपच्या वेगापेक्षा जास्त कळतो.

घेतलाच तर परत करायच्या मुदतीत एक चाचणी करा. चार्जर लावून, तुमच्या नेहमीच्या खोलीत, एसी न लावता सिनेबेंच (चिपवर पूर्ण भार टाकणारं चाचणी सॉफ्टवेअर) सलग वीस मिनिटं फिरवा आणि एचडब्ल्यूइन्फोत सीपीयू पॅकेज पॉवर पाहा. शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी २२ वॅटच्या वर असेल तर ठेवा. १५ च्या खाली गेली तर पेस्ट नीट लागलेली नाही किंवा पंख्याचं गणितच चुकलेलं आहे. दोन्हीपैकी काहीही असो, खोकं आणि पावती घेऊन दुकानात जा.