भीमाशंकर: शिडी घाट की गणेश घाट?

कर्जत तालुक्यातल्या खांडस या पायथ्याच्या गावाहून भीमाशंकरला निघालं की पुलापाशी फाटा लागतो. डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणेश घाट. पुढे दोन्ही वाटा पदरवाडीच्या पठारावर भेटतात आणि तिथून माथ्यापर्यंतचा दाट रानातला चढ सगळ्यांना सारखाच. म्हणजे निवडायचा आहे तो फक्त पहिला टप्पा.

शिडी घाट जवळचा आणि उभा. वाट घळीत शिरते, मग तीन लोखंडी शिड्या आणि अधूनमधून हात टेकून चढायचे कातळातले पॅच. हातापायांनी चढण्यात ज्यांना मजा येते त्यांना गणेश घाट मिळमिळीत वाटेल, हे कबूल. गणेश घाट पदरगड किल्ल्याला वळसा घालत जातो. तास-दीड तास जास्त धरा. सुरुवातीचा पट्टा उघडा असल्याने ऑक्टोबरमध्ये डोकं तापतं, तेव्हा माणशी तीन लिटर पाणी हवंच. पण वाटेत गणपतीचं छोटंसं देऊळ लागतं. दम खायला, बुटातले खडे झटकायला आणि मागे राहिलेल्यांना गाठू द्यायला त्याहून चांगली जागा या वाटेवर नाही.

शिडी घाटाविषयी माझं मन फिरलं ते शिड्यांमुळे नाही, शिडीखाली ताटकळण्यामुळे. शिडीवर एका वेळी एकच माणूस हवा. शनिवार-रविवारी वीस-पंचवीस जणांचा ग्रुप पुढे असला आणि प्रत्येकाला तीन मिनिटं लागली तरी तास तिथेच गेला. घळ अरुंद, त्यामुळे बाजूला सरकायला जागा नसते. वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड थेट खालच्या रांगेत येतो. ‘दगड!’ अशी आरोळी ऐकू येईपर्यंत तो पोचलेलाही असतो. घामाने भिजलेलं अंग थांबून गार पडतं आणि मग पोटऱ्यांत गोळे येतात. जवळची वाट म्हणून जो वेळ वाचवायचा, तो इथेच खर्ची पडतो.

तो वेळ लोकांना हवा असतो रानातल्या गुप्त भीमाशंकरच्या शिवलिंगासाठी, आणि तेही बरोबरच आहे. मुख्य देवळाकडून रानात उतरणाऱ्या त्या वाटेवर साक्षी विनायक लागतो. गर्दी मागे राहते. फांद्यांच्या बेचक्यात काटक्यापानांचं गोल घरटं दिसलं तर थांबा, शेकरू जवळपास असू शकतं. मोठ्याने बोललात तर दिसायचं नाही. सकाळी सहाला खांडस सोडलं तर गणेश घाटानेही हे सगळं जमतं.

पावसाळ्यात मात्र माझ्या मते तुलनाच नको. घळीतून पाणी वाहतं, बुटांना चिखल लागलेला असतो आणि ओल्या गजावरून चवडा सटकतो. बंदीचे आदेशही निघतात, तेव्हा आधी चौकशी करा. गणेश घाटाला धोका नाही असं नाही. पठारावर धुकं उतरलं की गुरांच्या वाटा आणि खरी वाट यांत फरक कळत नाही. अशा वेळी पदरवाडीतला कोणी वाटाड्या सोबत घेतलेला बरा.

एवढं असूनही शिडी घाट करायचाच असेल, तर दिवाळीनंतरचा आडवार आणि सहा-सात जणांचाच ग्रुप बघा. तीसेक फुटांचा दोर जवळ असू द्या. गजावर चवडा नाही, तळव्याचा मधला भाग टेकवा. एक हात किंवा एक पाय सुटला की उरलेले तीन पक्के हवेत. झोपायची मॅट सॅकला आडवी बांधू नका, कातळात अडकते. उतरायला मात्र गणेश घाटच. वरून उतरताना शिडीचा पहिला गज न बघता पायाने चाचपावा लागतो आणि सॅक नेमकी तेव्हाच मागे ओढते.